जोडसुट्ट्यांचा मे

आज सकाळी पोळ्या लाटत असताना शाळेचा निरोप आला. एकदा आला आणि लगेच पुन्हा एकदा. मला शाळेचे निरोप दोनदा येतात. एकदा रेवाची आई म्हणून, एकदा तिथली शिक्षिका म्हणून. मजकूर तोच. हिमेलफार्टच्या, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या, गुरुवारी सणाची सुट्टी, तिला जोडून शुक्रवारी शाळा बंद, आणि शिक्षक पुरेसे नसल्यामुळे बुधवारी तिसऱ्या तासानंतर वर्ग होणार नाहीत. ज्यांना मुलं घरी ठेवणं अगदीच शक्य नाही त्यांनी उद्या दुपारपर्यंत नाव कळवावं. शेवटी नेहमीचं वाक्य, तुमच्या समजूतदारपणाबद्दल आभार.

पिठाच्या हातानं मी फोन पालथा ठेवला आणि तव्यावरची पोळी उलटली. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होलुंडरचं झाड आहे, ते फुललंय. बशीएवढाले पांढरे गुच्छ, आणि त्यांचा तो गोडसर, जरा जायफळाची आठवण करून देणारा वास. वास येतोय, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात हेच झाड असंच फुललं होतं आणि मला त्याचा वास आला नव्हता. सर्दी नव्हती. नाक ठणठणीत होतं.

आपल्याकडे मे म्हणजे एकच एक लांबलचक सुट्टी. परीक्षा संपलेल्या, निकाल लागलेला, दुपार संपता संपत नाही अशी. इथे जर्मनीत शाळा जुलैपर्यंत चालते आणि मे-जूनमध्ये सण येतात ते एकेकटे, गुरुवारी, सोमवारी, पुन्हा गुरुवारी. मधला एखादा दिवस उरला की त्यावर पूल टाकायचा. त्याला म्हणतातच ब्र्युकेनटाग, पुलाचा दिवस. ऑफिसात माणसं जानेवारीतच या पुलांवर रजा टाकून ठेवतात. आठवडा असा अधूनमधून कुरतडलेला असतो, आणि बाहेर ऊन, कोवळी पानं, रस्त्याच्या कडेला श्पार्गेलचे ठेले, त्यांवर पांढऱ्या शतावरीच्या जुड्या. लोक म्हणतात, वर्षातला सगळ्यात सुंदर काळ. असतोच. त्या वर्षीही होता.

आम्ही फ्रँकफर्टच्या उत्तरेला राहतो, एस-बान लोकलनं अर्ध्या तासावर. मंदार, माझा नवरा, फ्रँकफर्टला एका बँकेच्या आयटीमध्ये आहे. मी पुण्यात नऊ वर्षं गणित शिकवलं. इथे आल्यावर कळलं की या राज्यात शिक्षकाला दोन विषय लागतात आणि माझ्याकडे एकच आहे. म्हणून मी गावातल्या प्राथमिक शाळेत फरट्रेटुंग झाले, म्हणजे कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी उभं राहायचं. करार सहा-सहा महिन्यांचा. आडनाव वैद्य. जर्मन मुलं 'व'चा 'फ' करतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी फ्राऊ फाइद्या. मंदारला याचं फार हसू यायचं. "निदान कुणाचा तरी फायदा होतोय," म्हणायचा.

त्या वर्षी ईस्टरची सुट्टी संपून दहा-बारा दिवस झाले होते. मी दुसरीच्या वर्गावर होते. दार वाजलं आणि शेजारच्या वर्गातली मार्लेने आत आली. तिसरीतली, सडपातळ, बोलताना एका पायावर उभी राहणारी मुलगी. म्हणाली, "फ्राऊ फाइद्या, आमच्या बाई थांबल्यात."

मला वाटलं, माझं जर्मन कमी पडतंय. विचारलं, "म्हणजे? कुठे थांबल्यात?"

"कुठे नाही. नुसत्याच थांबल्यात."

मी गेले. फ्राऊ वाइगांड खिडकीजवळ उभ्या होत्या. हातात शुद्धलेखनाचं पुस्तक उघडं. तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी या एका शाळेत शिकवलं होतं, गावातल्या निम्म्या आयांना त्यांनीच वाचायला शिकवलेलं. मुलं पेन टेकवून वाट बघत बसली होती. वह्यांत अर्धं वाक्य होतं, वसंतात पाकोळ्या परत येतात आणि. कुणी हसत नव्हतं. मुलांना कळतं.

मी जवळ गेल्यावर त्या अगदी हळू म्हणाल्या, "मला पुढचा शब्द दिसतोय. म्हणता येत नाहीये."

आवाजात घाबरणं नव्हतं. चष्मा सापडत नाही असं सांगावं तसा आवाज. मी त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं, तर त्यांचा हात तसाच राहिला, उघड्या पुस्तकाच्या आकारात. मुख्याध्यापिका आल्या, मग वाइगांडबाईंचे यजमान गाडी घेऊन आले. बाई जाताना वळून वर्गाला काहीतरी म्हणतील असं मला वाटत होतं. दारातून जाताना त्यांनी सवयीनं दिवा बंद केला. वर्गात आम्ही सगळे असताना.

मी पुढचं वाक्य सांगितलं. मुलांनी लिहिलं.

त्याआधीच शाळेतले चार शिक्षक नव्हते. एक बाळंतपणाच्या रजेवर, दोघं महिनोन् महिने आजारी, एकीनं नोकरी सोडलेली. तिच्या जागेची जाहिरात वर्षभर लागलेली होती आणि अर्ज एकही नव्हता. मुख्याध्यापिका फ्राऊ होलर स्वतः दोन वर्ग घेत होत्या आणि मधल्या सुट्टीत ऑफिसचे फोन. त्यांनी मला बोलावलं. भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर होतं. मे आणि जून पिवळ्या पेननं रंगवत त्या म्हणाल्या, "शाळेच्या हातातले सगळे मोकळे दिवस मी सणांच्या भोवती लावतेय. प्रशिक्षणाचे दिवससुद्धा. वरून परवानगी घेतलीय. नाहीतर उरलेले शिक्षकही आजारी पडतील." मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिसरी 'ब' तुम्ही घ्याल का? उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत. पूर्ण वर्ग. आणि सुट्टीच्या दिवसांतला मुलांचा सांभाळही, जमेल तसा."

जर्मनमध्ये होकाराला 'या' म्हणतात. मराठी कानाला ते दार उघडल्यासारखं ऐकू येतं. मी या म्हटलं, आणि सगळं आत आलं.

तो मे मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात, आणि तेही आवाज बंद केलेले. सकाळी सव्वासातला शाळेचं दार, किल्लीला लावलेली निळी रिबन. कॉपी मशीनचा गरम कागद. वर्गात चोवीस मुलं, त्यांतल्या सहा जणांना जर्मन नीट येत नव्हतं आणि दोघांना कुणाशीच बोलायचं नव्हतं. मधली सुट्टी नव्हतीच, कारण अंगणात उभं राहायला माणूस नव्हतं, म्हणून ते मीच. दुपारी दोनला मला कळायचं की सकाळपासून मी पाणी प्यायलेले नाही. तहान लागलेली नसायची. नुसतं कळायचं.

मुलं मला आवडत नव्हती असं नाही. आवडणं, न आवडणं हे खातंच बंद होतं. कुणी चांगलं चित्र काढलं की मी "सुपर" म्हणायचे. कुणी मारामारी केली की दोघांना दोन कोपऱ्यांत बसवायचे. दोन्ही वेळा आवाज सारखाच. डेंटिस्टच्या इंजेक्शननंतर आपण आपल्याच गालाला हात लावतो तेव्हा बोटांना गाल कळतो आणि गालाला बोटं कळत नाहीत. तशी मी दिवसभर गाल असायचे.

घरी मंदारनं एकदा जेवताना विचारलं, "अगं, आमटीत मीठ राहिलंय का?"

"हो का?"

"आज चौथा दिवस आहे."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुला डॉक्टरनं सांगितलंय." तो उठला, मिठाचा डबा आणला आणि माझ्या ताटात आधी वाढलं. मी जेवले. मला फरक कळला नाही. तो माझ्याकडे बघत होता हे मात्र कळलं.

रेवा तेव्हा आठ वर्षांची, माझ्याच शाळेत दुसरीत. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. शाळेतून घरी चालत येताना ती बोलत असायची आणि मी "हं" म्हणत असायचे. एके दिवशी ती मध्येच गप्प झाली. मी पुढची पन्नास पावलं हं, हं म्हणत होते.

श्पार्गेलच्या ठेल्यावर मी वाइगांडबाईंना पाहिलं, ते पहिल्या जोडसुट्टीच्या आदल्या दिवशी. रांगेत माझ्यापुढे दोन माणसं. त्या ठेल्याच्या पलीकडच्या बाजूला उभ्या होत्या, हातात स्ट्रॉबेरीचं खोकं. त्यांनी मला पाहिलं आणि खोकं परत ठेवलं. मग त्या ठेल्याच्या मागे गेल्या. तिथे रस्ता नव्हता, कुंपण होतं. तिथेच त्या उभ्या राहिल्या असणार, मी जाईपर्यंत. फळीच्या खालच्या फटीतून त्यांचे बूट दिसत होते. वर्गात घालायच्या त्याच तपकिरी बुटांवर आता बागेतली माती होती.

मला हाक मारता आली असती. विचारता आलं असतं, कशा आहात. मी एक जुडी घेतली, सुटे पैसे ओट्यावर ठेवले आणि उलट्या बाजूनं घरी गेले. त्यांना लाज वाटत होती हे मला कळलं. मला काय वाटलं, ते शोधायला मी त्या संध्याकाळी बाल्कनीत बसले आणि काहीच सापडलं नाही, म्हणून आत येऊन श्पार्गेल सोलली.

आप्पांचा फोन हिमेलफार्टच्या आदल्या दिवशी आला. आप्पा म्हणजे माझे वडील, कोरेगावला असतात. साताऱ्याकडच्या वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांनी आयुष्य घालवलं, त्यातली बरीच वर्षं एकशिक्षकी शाळेत. एक खोली, चार वर्ग, एक मास्तर. आमच्या घरात शाळेच्या गोष्टी म्हणजे विक्रमाच्या गोष्टी. आप्पांनी ताप असताना कसं शिकवलं, ओढ्याला पाणी असताना कसे गेले, एकही रजा न घेता किती वर्षं काढली. मी लहानपणापासून ऐकलेलं.

त्या दिवशी कसाबसा अर्धा तास मोकळा मिळाला होता, म्हणून शाळेच्या मागच्या बाजूला सायकली लावतात त्या छपराखाली मी डबा उघडून बसले होते. इथे दुपार, तिकडे चार वाजून गेलेले. मी आप्पांना सहज म्हणून सांगितलं, वाइगांडबाई कशा थांबल्या ते. त्यांच्याकडून एखादी विक्रमाची गोष्ट येईल असं मी धरून चालले होते.

तिकडे आप्पांनी टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.

मग म्हणाले, "मी पण थांबलो होतो एकदा."

"कधी?"

"तू दुसरीत असशील. त्या वर्षी जनगणना, मग निवडणूक, मग पोलिओचे डोस. सगळं एका मास्तरवर. सकाळची शाळा सुरू झाली होती. मी फळ्यावर वार-तारीख लिहायचो आणि खुर्चीत बसायचो. पोरं पाढे म्हणायची. मला ऐकू यायचं नाही."

"किती दिवस, आप्पा?"

"दीड महिना असेल. तुझी आई यायची वाडीवर, डबा घेऊन. आणि शाळा सुटायची घंटा द्यायची. मला वेळ कळायची नाही ना."

मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? सुट्टी लागली मेची. लागली म्हणून वाचलो."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"यात बोलण्यासारखं काय आहे?" आप्पा खोकले. "त्या वर्षीची पोरं मात्र कच्ची राहिली. पुढच्या वर्षी बदलीवर आलेल्या मास्तरनं मला तोंडावर विचारलं, गुरुजी, तुम्ही यांना काय शिकवलं? मी म्हटलं, काही नाही. खरंच काही नाही." आणि मग, "तू थांबली आहेस का?"

"नाही हो. माझं चाललंय."

"चालू तर मीही होतो. रोज जात होतो शाळेत."

घंटा झाली. मी डब्याचं झाकण लावून वर्गावर गेले.

हिमेलफार्टनंतरचा शुक्रवार. पुलाचा दिवस. शाळा बंद, पण ज्यांच्या आईवडिलांना रजा नाही त्यांच्यासाठी नोटबेट्रॉयुंग, म्हणजे तातडीचा सांभाळ. चौदा मुलं आली होती, सगळ्या वर्गांतली मिसळ. रेवाही होती, कारण मी तिथे आणि मंदारही कामावर. मार्लेने होती. तिची आई इस्पितळात नर्स आहे, तिला जोडसुट्टी नसते. दुसऱ्या बाई लहानांना घेऊन आत चित्रं काढत होत्या. अंगणात नऊ मुलं आणि मी.

काय सुंदर दिवस होता. आकाश निळं, चिनाराची सावली अंगणभर, वर पाकोळ्यांचे थवे चीत्कारत फिरत होते. मी लाकडी बाकावर बसले होते. समोर मुलांची चढायची दोरांची जाळी. मार्लेने अगदी वर होती. मी तिच्याकडे बघत होते. हे मी पुन्हा सांगते, माझे डोळे तिच्यावरच होते. तिचा एक हात सुटला, मग दुसरा, मग ती खाली आली. हे सगळं मी पाहिलं. तोंडातून आवाज निघाला नाही. उठले तेव्हा ती जमिनीवर होती आणि बाकीची मुलं तिच्याभोवती गोळा झालेली.

पुढचं सगळं मी बिनचूक केलं. हात हलवू दिला नाही. रुमालात बर्फ गुंडाळला. फोन केले, आधी रुग्णवाहिका, मग तिची आई, मग फ्राऊ होलर. मार्लेने रडत होती आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवत होते, कारण अशा वेळी तसं करतात. मनगट मोडलं होतं. ती गेल्यावर मी अपघाताचा फॉर्म काढला आणि सुबक अक्षरात भरला. एक प्रश्न होता, घटनेच्या वेळी देखरेख करणाऱ्या व्यक्तीचं मुलाकडे लक्ष होतं का. मी 'होय'वर फुली मारली. मग सँडविच खाल्लं.

दुपारी मार्लेनेच्या आईचा फोन आला. तिनं माझे आभार मानले. तुम्ही किती शांतपणे सगळं हाताळलंत, म्हणाली, मी रोज बघते, लोक किती गोंधळतात.

घरी जाताना रेवा माझा हात न धरता चालत होती. कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी ती थांबली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "ममा, तू बघत नव्हतीस."

मी मराठीत म्हटलं, "अगं, मी तिच्याकडेच बघत होते."

"नाही. मी तुला हाक मारली. दोनदा. मार्लेने पडणार होती म्हणून. तू तिकडे तोंड करून बसली होतीस फक्त."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. चुगली करायची भीती होती, स्वतःच्या आईची स्वतःच्या आईकडे. मला हाक ऐकू आली नव्हती. अजूनही, आठवायचा कितीही प्रयत्न केला तरी, त्या दुपारच्या आठवणीत पाकोळ्या ऐकू येतात आणि रेवाची हाक ऐकू येत नाही.

शनिवार, रविवार मी काय केलं ते आठवत नाही. मंदार म्हणतो, मी कपड्यांना इस्त्री केली. सगळ्या कपड्यांना. टॉवेलसुद्धा.

सोमवारी पहिल्या तासाआधी मी फ्राऊ होलरांकडे गेले. उभ्यानंच म्हटलं, "फॉर्म चुकीचा भरलाय. माझं लक्ष नव्हतं."

त्या म्हणाल्या, "तुम्ही तिथे होतात. समोर होतात."

"डोळे होते. मी नव्हते."

त्यांनी ड्रॉवर उघडला, फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं होतं, त्या म्हणतील राहू द्या. त्यांनी पेन दिलं. मी फुली खोडली, दुसऱ्या चौकोनात मारली, शेजारी सही केली. मग म्हटलं, "आणि मी तिसरी 'ब' चालवू शकत नाही. आजपासून नाही." वाक्य मी घरून पाठ करून आले होते, व्याकरणासकट.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "गेनाऊ," एवढंच म्हणाल्या, हो, बरोबर आहे, आणि कॅलेंडरकडे बघत बसल्या. त्यांच्या हनुवटीवर पिवळ्या पेनचा डाग होता. मग त्यांनी विचारलं, "काही तास तरी?"

"पुढच्या वर्षी. मोजके. आणि फक्त गणित."

"मग वर्ग वाटून टाकावा लागेल."

"हो."

"त्यांना दोन महिने बसायला जागा मिळेल. शिकायला मिळेलच असं नाही. हे तुम्हाला माहिती आहे."

"माहिती आहे," मी म्हटलं. आप्पांची पोरं माझ्या डोळ्यांसमोर होती, जी मी कधी पाहिली नव्हती.

मार्लेनेच्या आईला मी स्वतः फोन केला. सांगितलं, माझं लक्ष नव्हतं, मी बाकावर बसून राहिले. तिकडे इस्पितळातले आवाज येत होते, कुठेतरी एक यंत्र टूं टूं करत होतं. ती म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत." आणि फोन ठेवला. त्यानंतर जोडसुट्टीला मार्लेने कधी सांभाळात दिसली नाही. तिच्या आईनं काय सोय केली, मला माहीत नाही. विचारायचा हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्ग वाटला. वाटायचा म्हणजे खरोखर वाटायचा. चोवीस मुलं पाच वर्गांत, कुठे चार, कुठे पाच. त्या वर्गांत जादा खुर्च्या नव्हत्या, म्हणून प्रत्येकानं आपापली खुर्ची उचलून न्यायची. कॉरिडॉरमध्ये मुलांची रांग लागली, खुर्ची पोटाशी धरलेली, पाय पुढे, दप्तर पाठीला. काहींनी खुर्ची डोक्यावर घेतली. लिनोलियमवर रबरी पायांचा किर्र किर्र आवाज. दोन जिवलग मैत्रिणी वेगवेगळ्या वर्गांत गेल्या होत्या, त्या कोपऱ्यापर्यंत एकमेकींच्या शेजारून चालल्या आणि तिथे वेगळ्या झाल्या. मार्लेनेचा हात प्लास्टरमध्ये. तिची खुर्ची मी उचलली.

जिन्यात तिनं विचारलं, "तुम्ही पण आजारी आहात का? फ्राऊ वाइगांडसारख्या?"

मी खुर्ची पायरीवर टेकवली. खरं उत्तर काय ते बघितलं.

"अजून नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या मजल्यावर पहिल्या दारापाशी थांबून मला जागा दाखवली, कचऱ्याच्या डब्याशेजारी.

आज दोन वर्षं झाली. वाइगांडबाई परत आल्या नाहीत. मुदतीआधी निवृत्त झाल्या. आता कधी रस्त्यात भेटल्या तर थांबतात, हवापाण्याचं बोलतात. शाळेचा विषय आम्ही दोघी काढत नाही. माझे आठवड्याला बारा तास आहेत, फक्त गणिताचे. तिसरी 'ब'ची मुलं शेवटी चौथीत गेली आणि तिथून वेगवेगळ्या मोठ्या शाळांत पांगली. इथे दहाव्या वर्षीच ठरतं, कोण कुठल्या प्रकारच्या शाळेत जाणार ते. त्यांतली काही जिथे गेली तिथे त्या दोन महिन्यांमुळे गेली की कशामुळे, हे कुणी सांगू शकत नाही. मीही नाही. पण निकालाच्या यादीवर मी नावं शोधली, एकेक. मार्लेने गिम्नाझियमला, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, गेली. तिच्या शेजारी बसणारी मुलगी नाही गेली. शिक्षकांची कमतरता तशीच आहे. फ्राऊ होलर या वर्षीही कॅलेंडर रंगवतात, या वर्षीही मला विचारतात, आणि मी नाही म्हटल्यावर मान हलवून पुढच्या फोनकडे वळतात. माझ्या नाहीमुळे दुसऱ्या कुणाला तरी या म्हणावं लागतं, हे आम्हाला दोघींना ठाऊक असतं.

आप्पांनी त्यानंतर तो विषय काढला नाही. मी एकदा आईला विचारलं, तू खरंच घंटा द्यायचीस का गं? ती म्हणाली, "द्यायचे की. आणि वाजवून झाल्यावर त्यांना सांगावं लागायचं, अहो, सुटली शाळा, उठा."

त्या दिवसातलं एवढंच सांगायचं राहिलं. खुर्च्या गेल्यावर वर्गात नुसती टेबलं उरली. मी फळा पुसला, खिडक्या लावल्या, किल्ली ऑफिसात दिली आणि अकरा वाजता घरी आले. ऊन चढलेलं होतं. बूट न काढता पलंगावर आडवी झाले आणि मेल्यासारखी झोपले.

जाग आली तेव्हा चार वाजले होते. रेवा शेजारच्या मैत्रिणीच्या आईबरोबर घरी आली होती आणि माझ्या पायाशी बसून माझ्या बुटांच्या नाड्या सोडवत होती. मला जाग आलीय हे तिला कळलं नव्हतं. सोडवता सोडवता ती बोलत होती, जर्मनमध्ये, स्वतःशी की माझ्याशी ते कळत नव्हतं. त्यांच्या वर्गात आज तिसरीची चार मुलं आली म्हणे, खुर्च्या घेऊन. त्यातल्या एका मुलीच्या खुर्चीखाली कुणीतरी च्युइंगम लावलेलं होतं, आणि ती बसल्यावर...

"मला ऐकू आलं नाही," मी मराठीत म्हटलं. "पुन्हा सांग. पहिल्यापासून."

ती दचकली. मग तिनं माझ्याकडे जरा संशयानं बघितलं, मी हं म्हणण्यासाठी विचारतेय की खरंच, ते ठरवत. आणि मग सांगायला लागली. गोष्ट लांब होती. च्युइंगम, ती मुलगी, तिचा नवा स्कर्ट, बाईंची कात्री. रेवा मध्येच उठून ती मुलगी कशी चालली ते करून दाखवत होती, मागे हात धरून. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि एकेक शब्द ऐकत होते.

मला हसू आलं नाही. पण कुठे हसायचं होतं, ते कळलं.